पेंटेकॉस्टल मंडळीत नवीन आहात? रविवारच्या आधी सोमवारचं बघा

गेल्या वर्षभरात चार जणींनी मला एकच प्रश्न विचारलाय, ताई तुमच्या चर्चमध्ये यावंसं वाटतं, घरी प्रार्थनेची सवय पण लावायचीय, पण सुरुवात कुठून करू. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगितलं आणि दर वेळी काहीतरी सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. मी काही पास्टरबाई नाही. ठाण्यात कोपरीला राहते, नोकरी महापेला, मंडळी म्हणजे आमचं चर्च ऐरोलीत एका शाळेच्या हॉलमध्ये भरतं, आणि तिथे जायला लागून नऊ वर्षं झाली.

माहेर नगर जिल्ह्यातलं, मिशनवाल्यांचं. म्हणजे आजी पेटीवर ना. वा. टिळकांची गाणी म्हणायची, रविवारची उपासना छापलेल्या क्रमाने व्हायची, कोण कधी उभं राहणार कधी बसणार सगळं ठरलेलं. त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा पेंटेकॉस्टल सभेला गेले तेव्हा ड्रम्स, लोकांचे वर केलेले हात, शेजारची बाई डोळे मिटून मोठमोठ्याने रडतेय, हे बघून मी वीस मिनिटांत बाहेर आले आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. छत्री आत राहिली होती म्हणून परत जावं लागलं. जुलै महिना होता, छत्री सोडून जाणं शक्यच नव्हतं. तोवर गाणी हळू झाली होती आणि एक रिक्षावाले काका साक्ष देत होते, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगत होते, ती ऐकत बसले ती शेवटपर्यंत. सांगायचं हे की पहिल्या दिवशी तुम्हाला बिचकल्यासारखं झालं तर त्यात काही गैर नाही, सगळ्यांचं होतं, बोलून कोणी दाखवत नाही एवढंच.

आधी हे आहे काय ते थोडक्यात

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा, दुसरा अध्याय. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणानंतर पन्नासाव्या दिवशीचा जो सण, त्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते वेगवेगळ्या भाषांत बोलायला लागले, त्या सणाला ग्रीकमध्ये पेंटेकॉस्ट म्हणतात, तिथून हे नाव. तेव्हा जे झालं ते आजही होतं, आत्म्याची दानं, म्हणजे अन्य भाषा, भविष्यवाणी अशी वरदानं, आजही मिळतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना केली तर देव आजही बरं करतो, असं मानणाऱ्या मंडळ्या त्या पेंटेकॉस्टल. आधुनिक चळवळीची गोष्ट सांगताना बहुतेक जण अमेरिकेपासून सुरू करतात, लॉस एंजेलिसमधली अझुसा स्ट्रीट, १९०६, विल्यम सेमूर नावाचा कृष्णवर्णीय पाळक. पण आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ च्या जूनमध्ये, पुणे-दौंड लाइनवरच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत, गात, पापं कबूल करत होत्या. त्यावर तिथल्याच मिनी अब्राम्स बाईंनी एक पुस्तिका लिहिली, ती पार दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि तिथल्या १९०९ च्या जागृतीला त्यातून ठिणगी मिळाली. त्यामुळे कोणी म्हणालं की हे सगळं अमेरिकन फॅड आहे तर केडगावचं तिकीट काढून द्या त्याला. आमच्या ह्यांना मी हेच सांगितलं होतं. ते जालन्याच्या जुन्या चर्चवाल्या घरातले, अजूनही म्हणतात तुमच्याकडे फार आवाज असतो. आवाज असतो, खरंय ते.

सोमवारपासून सुरू करा

बहुतेक नवीन लोकांची गाडी इथेच अडते. रविवारी अडीच तास गाणी, प्रार्थना, संदेश म्हणजे प्रवचन, माणूस अगदी भरून येतो, घरी जाताना ठरवतो की उद्यापासून पहाटे चारला उठून एक तास प्रार्थना. मी हेच केलं होतं. नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी ऑफिसमध्ये मीटिंगमध्येच डुलकी लागली, आणि मग अपराधी वाटायला लागलं, आणि अपराधी वाटतं म्हणून बायबल उघडायचीच लाज वाटायला लागली, असे पुढचे दोन महिने गेले. देवाला काही माझा एक तास हवा नव्हता, मलाच लोकांना सांगायला एक तास हवा होता, हे फार उशिरा कळलं.

म्हणून दहा मिनिटं. खरंच दहाच. आणि ती दहा मिनिटं कुठल्यातरी रोज होणाऱ्या गोष्टीला बांधायची, नुसती ‘सकाळी’ म्हणून सोडायची नाहीत. माझ्याकडे कुकर आहे. डाळ-भात लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी स्टुलावर बसून एक स्तोत्र वाचायचं, मोठ्याने, म्हणजे कुजबुजत का होईना पण तोंडाने. मनात वाचलं की डोळे पुढे जातात आणि मन डब्यात काय द्यायचं त्यात अडकतं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, एकशे सतरावं दोनच वचनांचं आहे आणि एकशे एकोणिसावं एकशे शहात्तर वचनांचं, तेव्हा ते मात्र कुकरच्या भरवशावर काढू नका.

येशूने सांगितलंय की आपल्या खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर, मत्तय सहावा अध्याय. आता वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहतात तिथे खोली कुठली आणि दार कुठलं. आमच्या मंडळीतल्या एक मावशी दिघ्याला चाळीत राहतात, त्या भिंतीकडे तोंड करून डोक्यावरून पदर घेतात, की घरातल्यांना कळतं आता पंधरा मिनिटं आईला हाक मारायची नाही. पदराचंच दार. एक मुलगा आहे तो बिल्डिंगच्या गच्चीवर टाकीमागे जातो. एकजण पार्किंगमध्ये बंद गाडीत बसतो. तुमची जागा शोधा आणि शक्यतो तीच ठेवा, जागा ठरलेली असली की मन लवकर जाग्यावर येतं.

वाचायला काय घ्यायचं? उत्पत्तीपासून सुरू करू नका असं माझं मत, सगळे तसंच सुरू करतात आणि लेवीयच्या आसपास बंद पडतात. मार्कचं शुभवर्तमान घ्या आधी, सोळाच अध्याय आहेत, भरभर पुढे सरकतं. मग योहान, मग प्रेषितांची कृत्ये, म्हणजे मंडळीत जे काही चाललेलं दिसतं त्याचं मूळ तुम्हाला स्वतःला माहीत राहील, कोणी सांगितलं म्हणून नाही. नीतिसूत्राचे एकतीस अध्याय आहेत, तारीख बघायची आणि त्या नंबरचा अध्याय वाचायचा, कालचा राहिला तर राहू द्यायचा, आज जी तारीख असेल तो. ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली कारण त्यात बॅकलॉग होतच नाही. अख्खं बायबल वर्षात संपवायचं असेल तर एक हजार एकशे एकोणनव्वद अध्याय होतात, म्हणजे रोजचे तीन-चार, पण ते दुसऱ्या वर्षी बघा. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची मराठी जड वाटली तर सोप्या मराठीतलं पण मिळतं, फोनवर ॲपमध्ये फुकट आहे, ऑडिओसुद्धा. मी ठाण्याला दहा नंबरवर ट्रान्स-हार्बर पकडते, गाडी सुटली की इअरफोन, आणि घणसोली येईपर्यंत एक-दोन अध्याय आरामात ऐकून होतात. पण कुकरवालं वाचन वेगळं आणि हे वेगळं, ऐकताना अर्धं लक्ष दाराकडेच असतं. आणि ग्रुपवर आलेलं गुलाबाच्या फोटोवरचं वचन पुढे ढकलणं म्हणजे वाचन नाही, हे मी स्वतःलाच सांगतेय.

एक साधी वही ठेवा. माझी दोनशे पानी शाळेची आहे. तारीख, काय वाचलं त्यातली एक ओळ, आणि कोणासाठी प्रार्थना केली त्यांची नावं, बस. मागची पानं चाळताना कळतं कोणासाठी मागितलं होतं आणि पुढे काय झालं. काही नावांपुढे चार वर्षांनीही काही नाही. तीही नावं तशीच राहू द्यायची, खोडायची नाहीत.

दिवस चुकला तर? चुकणारच, पाहुणे येतील, पोराला ताप येईल, गणपतीत बिल्डिंगमध्ये रात्री एकपर्यंत जागरण असेल. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, परत दहाच मिनिटं.

उपवासाचं एक सांगते कारण त्यात आपल्या लोकांची गंमत होते. आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, नेहमीपेक्षा दोन घास जास्तच. इथे उपवास प्रार्थना म्हणजे सकाळी किंवा दुपारी जेवायचं नाही, फक्त पाणी, आणि जेवणाचा वेळ प्रार्थनेला द्यायचा. आमच्याकडे शुक्रवारी असते. मी पहिल्यांदा डब्यात खिचडी घेऊन गेले होते, भरपूर तूप घालून, वर शेंगदाण्याचं कूट. कोणी काही बोललं नाही, उपवास सोडताना सगळ्यांनी मिळून खाल्ली. सुरुवातीला एकच जेवण सोडा, आणि शुगर असेल, दिवस गेले असतील, जेवणानंतरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण सोडू नका, टीव्ही किंवा फोन सोडा, तेही पुष्कळ अवघड आहे.

मंडळी निवडताना आणि पहिल्या रविवारी

ठाणे-नवी मुंबईत पेंटेकॉस्टल मंडळ्या भरपूर आहेत, पण तुम्ही चर्चची इमारत शोधत राहाल तर सापडणार नाहीत. शाळेचे हॉल, इंडस्ट्रियल गाळे, मार्केटमधला पहिला मजला, कोणाच्या तरी घरचा हॉल, अशा ठिकाणी भरतात. असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या जुन्या संस्थेच्या असतात, केरळातून आलेल्या इंडियन पेंटेकॉस्टल चर्चच्या असतात, आणि कित्येक तर स्वतंत्र, एका पास्टरने सुरू केलेल्या. भाषा आधी विचारा. मल्याळम, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी, मराठी, सगळ्यांच्या वेगळ्या सभा असतात, काही ठिकाणी पास्टर हिंदीत बोलतात आणि शेजारी उभं राहून कोणीतरी वाक्यावाक्याला मराठी करतं. दोन-तीन मंडळ्यांत जाऊन बघा, पण दर रविवारी नवीन असं सहा महिने करू नका.

अंतर बघा, हा सल्ला अगदी व्यवहारी वाटेल पण सगळ्यात जास्त लोक ह्यानेच गळतात. मोठ्या नावाच्या मंडळीसाठी खारघरहून ठाण्याला यायचं आणि रविवारी मेगाब्लॉक. ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो, चार वाजेपर्यंत असतो, म्हणजे जाताना गाडी मिळते आणि येताना नाही. शनिवारी रात्रीच ब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघून ठेवा. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की कळव्याकडून ऐरोलीला येणारे आमचे निम्मे लोक अडकतात. चालत किंवा एका रिक्षात पोचता येईल अशी मंडळी मिळाली तर तीच घ्या, भले तिथलं म्युझिक थोडं बेसूर असेल.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जा, मधल्या रांगेत कडेची खुर्ची घ्या, स्पीकरपासून लांब, लहान मूल असेल तर फारच लांब. लोक ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणत हात मिळवतील, तुम्ही नमस्कार केला तरी चालतं. क्रम साधारण असा, आधी चाळीसेक मिनिटं स्तुती-आराधना, सुरुवातीची गाणी टाळ्यांची, मग संथ, आणि संथ गाण्यांच्या शेवटी सगळे एकदम आपापली प्रार्थना मोठ्याने करायला लागतात, हा भाग नवीन माणसाला सगळ्यात विचित्र वाटतो. कोण काय बोलतंय ते कळत नाही, आणि कळायची गरजही नाही, तुम्ही डोळे मिटून आपलं जे असेल ते बोला किंवा गप्प उभं राहा. हात वर करायचेच असं काही नाही. मग साक्षी, अर्पण, पाऊणएक तासाचा संदेश आणि शेवटी ज्यांना प्रार्थना हवी त्यांनी पुढे या असं बोलावणं. पुढे जायलाच हवं असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, मनात आलं तरच जा. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटतात, तेव्हा नवीन माणसाने ट्रे पुढे सरकवला तर कोणाला राग येत नाही. अर्पणाची पिशवी पण तशीच पुढे सरकवा, पाहुण्याकडून अपेक्षा नसते.

बायका मला हळूच विचारतात ती गोष्ट, मंगळसूत्राची. काही मंडळ्यांत, खासकरून दक्षिणेकडून आलेल्या परंपरेत, दागिने घालत नाहीत, बायका ओढणी किंवा पदर डोक्यावर घेतात, बरेच जण पांढरे कपडे घालतात. काही मंडळ्यांत जीन्स-टॉपवर वर्शिप टीम असते. आमच्या मामी काळ्या मण्यांत क्रूस घातलेलं मंगळसूत्र अजून घालतात आणि आराधनेत सगळ्यात पुढे असतात. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या महिन्यात कोणी तुमच्या गळ्याकडे बोट दाखवून बोलायला लागलं तर ती मंडळी तुमच्यासाठी आहे का ह्याचा विचार करा, आणि स्वतःहून काढायचं असेल तर सासूबाईंशी आधी बोला, रविवारी दुपारी अचानक मोकळ्या गळ्याने घरी जाऊ नका.

घरसभा

मंडळी खरी कळते ती इथे. सेल ग्रुप म्हणा, कॉटेज मीटिंग म्हणा, आठवड्यात एकदा कोणाच्या तरी घरी सहा-सात कुटुंबं जमतात. आमची बुधवारी साडेआठला. एक गाणं, एक उतारा, त्यावर प्रत्येकाने काहीतरी बोलायचं, मग एकमेकांसाठी प्रार्थना आणि चहा, कधी पोहे. रविवारी दीडशे माणसांत तुम्ही आला नाहीत हे कोणाला कळत नाही, बुधवारी दहा मिनिटांत फोन येतो. कृत्ये दोन बेचाळीसमध्ये पहिल्या मंडळीच्या चार सवयी दिल्यात, शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना, आणि ह्या चारही मी आमच्या घरसभेत पाव-भाजीसकट बघितल्यात. मला बोलायला जमत नाही असं म्हणणारी मी, पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली ती अशाच एका दहा बाय बाराच्या खोलीत, दोन वाक्यांची, दुसरं वाक्य अर्धवट राहिलं.

तुमच्या घरी ठेवायची वेळ आली तर शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, दार उघडं ठेवा, टाळ्या आवरा, माइक-स्पीकर लावूच नका. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे, पण भिंत पातळ असली तर नवालाही त्रास होतो. चपला जिन्यात पसरल्या की सोसायटीत पहिली तक्रार त्याचीच येते, एक पिशवी ठेवा. आणि शेजारीण चहाला आली म्हणून तिला धरून प्रार्थनेला बसवू नका, ती तुमची पाहुणी आहे.

अन्य भाषा, भविष्यवाणी, आजारपण

ह्यावर नीट लिहायचंय कारण इथे माझे हात पोळलेत.

पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा, म्हणजे माणूस आत्म्याने भरून जाणं (पाण्यातला बाप्तिस्मा वेगळा, तो पुढे येतो), आणि अन्य भाषेत, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषेत बोलणं, ह्यावर सगळ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांचं एकमत नाही. असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या मंडळ्या शिकवतात की अन्य भाषा ही त्या बाप्तिस्म्याची पहिली खूण, बाकीच्या काही म्हणतात ते एक दान आहे, सगळ्यांना मिळेलच असं नाही. तुम्ही जिथे जाता तिथे काय शिकवतात ते पास्टरना सरळ विचारा. प्रेषित पौलाने १ करिंथकर ह्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात नियम घालून दिलेत, सभेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहायचं. तो अध्याय आणि बारावा, दोन्ही वाचा, मधला तेरावा सोडू नका.

सुरुवातीच्या काळात एका सभेला गेले होते, आमची मंडळी नाही, दुसरीकडे, तिथे एका सिस्टरने माझं डोकं धरून हालेलुया, हालेलुया भरभर म्हण, अजून भरभर, असं वीस मिनिटं चालवलं, की जीभ वळेल आणि भाषा येईल. जीभ वळली नाही, मान मात्र अवघडली. वर तुझ्यात काहीतरी पाप अडलंय असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. तीन आठवडे मी कुठेच गेले नाही. नंतर आमच्या पास्टरना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दान आहे ना, मग देणाऱ्याला देऊ दे की. मला मिळालं ते दीड वर्षांनी, घरी, भांडी घासताना, आजूबाजूला कोणी नव्हतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कोणी येऊन सांगेल, देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय. नोकरी सोड, ह्या मुलाशी लग्न कर, अमुक ठिकाणी फ्लॅट घे. ऐकून घ्या, वहीत लिहा, आणि लगेच काही करू नका. पौलाचंच पत्र, १ थेस्सलनीकाकर पाच वीस-एकवीस, भविष्यवाणी तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा, दोन्ही एका दमात सांगितलंय. दोन जुन्या जाणत्या माणसांना विचारा, घरच्यांना विचारा. जो म्हणतो कोणाला विचारू नकोस, त्याचं तर नक्कीच ऐकू नका.

आजारी असाल तर प्रार्थना मागा, मंडळीतले वडीलधारे येऊन तेल लावून प्रार्थना करतात, याकोब पाचव्यात आहे तसं. आणि गोळ्या चालू ठेवा. बीपीची गोळी, इन्सुलिन, डिप्रेशनचं औषध, टीबीचा कोर्स, हे डॉक्टर थांबवतात, पास्टर नाही. बरं वाटलं तर रिपोर्ट काढा, रिपोर्ट चांगला आला तर साक्ष द्या, आम्ही सगळे टाळ्या वाजवू.

पैशाचं दोनच वाक्यांत. दशमांशावर, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्यावर, मलाखी तिसऱ्यातला संदेश कधी ना कधी ऐकाल, मनापासून द्यायचा असेल तर द्या, पण कर्ज काढून किंवा पोरांची फी अडवून नाही, आणि संस्थेच्या खात्यात द्या, कोणा एकाच्या पर्सनल नंबरवर नाही. मंडळी ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, वर्षाचा हिशोब वाचून दाखवतात का हे विचारायला लाजू नका, जिथे सगळं नीट आहे तिथे ह्या प्रश्नाने कोणी चिडत नाही.

बाप्तिस्मा

इथे बाप्तिस्मा म्हणजे पूर्ण पाण्यात बुडवून, आणि कळत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने. माझ्यासारख्या लहानपणी कपाळावर पाणी शिंपडलेल्यांनाही परत घ्यायला सांगतात, आणि त्यावरून माहेरी माझ्या काकांनी चार महिने अबोला धरला होता. घाई करू नका. चांगल्या मंडळीत आधी काही आठवडे वर्ग घेतात, प्रश्न विचारू देतात. हिंदू किंवा बौद्ध घरातून आलेल्यांनी तर घरी लपवून हे करूच नये असं मला वाटतं, आई-बाबांना पटणार नाही कदाचित, पण व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून कळलेलं त्याहून जास्त लागतं. आणि एक कागदोपत्री गोष्ट माहीत असू द्या, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. मुलांच्या ॲडमिशनच्या वेळी हे कळून धक्का बसलेली घरं मी बघितलीत. निर्णय तुमचा, पण माहिती घेऊन घ्या.

काम

तीन-चार महिने झाले, लोक नावाने ओळखायला लागले, की मनात येतं आपणही काहीतरी करावं, आणि बहुतेकांचं लक्ष माइककडे जातं. माइक सोडा. खुर्च्या बघा.

आमचा हॉल शाळेचा, त्यामुळे दर रविवारी साडेसातला प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या लावायच्या आणि साडेबाराला परत रचून ठेवायच्या, कारण सोमवारी मुलांची प्रार्थना तिथेच होते. दोन वर्षं मी हेच केलं. खुर्च्या लावताना मला कळलं कोणाच्या गुडघ्याला त्रास आहे म्हणून त्यांना कडेची लागते, कोणत्या आजी पंख्याखाली बसत नाहीत, कोणाचा नवरा बाहेर गाडीतच बसतो आणि त्याला चहा नेऊन द्यावा लागतो. असाच एक नवरा आता आत बसतो. नाही, माझा नाही, माझा अजून त्याच्या जुन्या चर्चमध्येच जातो, आणि सणाच्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाते.

खुर्च्यांशिवाय बाकी पण पुष्कळ आहे. मराठी टायपिंग येत असेल तर तुम्हाला लगेच डोक्यावर घेतील, कारण पडद्यावर गाण्याचे शब्द देवनागरीत नीट टाकणारी माणसं मिळतच नाहीत, आमच्याकडे कित्येक महिने ‘स्तुती’ चुकीचीच होत होती. हिंदीतून मराठी सांगणारे हवे असतात. संडे स्कूलला हात कायम कमी, पण तिथे वर्गात दोन मोठी माणसं असल्याशिवाय मुलांना एकटं घेऊन बसू नका आणि दुसऱ्या कोणाला बसू देऊ नका. ढोलकी येत असेल तर विचारायलाच नको. मात्र एका वेळी एकच काम घ्या. नवीन उत्साही माणूस दिसला की त्याला यूथ, वर्शिप, उपवास प्रार्थना, शनिवारची साफसफाई सगळं देतात, तो सगळं घेतो, आणि वर्षभरात घरी भांडणं करून गायब होतो. नाही म्हणायला शिका. आठवड्यात दोन संध्याकाळी घरच्यांच्या, ह्यात पास्टरचा फोन आला तरी बदल नाही, असं मी ठरवून टाकलंय. आणि काम करताना कुकरवाली दहा मिनिटं जायला लागली तर काम कमी करा, दहा मिनिटं नाही.

येणार असाल तर येत्या रविवारी साडेसातला ऐरोलीला या, ब्लॉक नाही ना ते बघून. खुर्च्या दहापेक्षा जास्त एकावर एक रचायच्या नाहीत, अकरावी घातली की अख्खा ढीग ब्लॅकबोर्डच्या बाजूला कलतो, आणि तो बोर्ड शाळेचा आहे.